करदोड्याचे माप

जानेवारीतला शनिवार होता आणि संक्रांत तीन दिवसांवर आली होती. जालना शहर मागे टाकून आमची गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा नुकतेच उजाडले होते. दोन्ही बाजूंच्या रानांवर धुके होते. मागच्या आसनावर वजनकाटा आणि उंची मोजण्याची पट्टी होती, आणि माझ्या पिशवीत काळ्या करदोड्याचे एक रीळ होते. गाडी चालवीत असलेल्या माझ्या यजमानांनी विचारले, "काटा आणि पट्टी समजली. हा करदोडा कशाला?" मी म्हटले, "संध्याकाळी सांगते."

ज्यांच्याकडे हा शब्द नाही त्यांच्यासाठी सांगते. लहान मुलाच्या कमरेला बांधावयाचा काळा दोरा म्हणजे करदोडा. कोठे त्याला करगोटा म्हणतात, कोठे करदोटा. दृष्ट लागू नये हा त्यामागचा भाव. मूल वाढले की दोरा आवळू लागतो. मग तो काढून नवा बांधतात. आमच्याकडच्या आज्या मोठ्या कौतुकाने सांगतात, "लेकराला करदोडा पुरंना झालाय." हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात अनेकदा ऐकले आणि प्रत्येक वेळी हसून मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा हिशेब देणे मला आता आवश्यक वाटते.

एक बक्षीस आणि एक काळी रेघ

सुमारे दहा वर्षांपूर्वी शहरातील एका मंडळाने सुदृढ बालक स्पर्धा भरविली होती आणि मी परीक्षक होते. दहा महिन्यांचे एक गुटगुटीत बाळ समोर आले. मनगटावर वळ्या, गालांवर लाली, मांडीवर घेतले तर हात भरून यावेत असे. मी फारसा विचार न करता त्याला पहिला क्रमांक दिला. लसीकरणाचे कार्ड पाहिले, पण वाढीच्या तक्त्यावरील रेघ पाहिली नाही. ती रेघ त्याच्या वयाच्या मानाने भराभर वर चढत होती, हे आता मागे वळून पाहताना कळते.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात तोच मुलगा आजीचा हात धरून माझ्या दवाखान्यात आला. आता वय अकरा. आजींची तक्रार मानेची होती. "बाई, मान कितीबी घासली तरी मळ निघंना. डाळीचं पीठ लावलं, लिंबू लावलं. लेकरू रडतं, पण मळ काय जाईना."

मी मान पाहिली. तो मळ नव्हता. कातडी जाडसर, मखमलीसारखी आणि काळपट झाली होती. काखेतही तसेच होते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते आणि त्याची खूण पुष्कळदा अशी मानेवर उमटते. ही खूण कितीही घासली तरी जाणारी नसते. घासल्याने मुलाच्या मनावर मात्र ओरखडे उठतात. उंची 142 सेंटिमीटर, वजन 52 किलो, कमरेचा घेर 80 सेंटिमीटर. कमरेवरचा करदोडा इतका आवळला होता की त्याचा वळ उठला होता.

मी बोलायला सुरुवात करणार तोच आजींनी सुनेच्या फोनमधील एक जुना फोटो माझ्यापुढे धरला. स्पर्धेचा फोटो होता. बाळ आजींच्या कडेवर, आणि बक्षिसाचा पेला हातात देणारी मी. "तुमीच तर नंबर दिला होता, बाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, अभिमान होता. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

त्या दिवशी मी दुसरी चूक केली. खणातून एक छापील आहारतक्ता काढून दिला. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, ऑलिव्ह तेल होते. आजींनी तो सुनेकडून वाचवून घेतला, शांतपणे चार घड्या केल्या आणि म्हणाल्या, "हे आपल्या जालन्यात कुठं मिळतं? तुमी असं करा, हुरड्याला आमच्या गावाकडं या. आमचं खाणं बघा अन् मग लिहा."

त्यांचे गाव घनसावंगी तालुक्यात. मंठा तालुक्यातील एका तांड्यावरच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या माझ्या मैत्रिणीनेही मुलांच्या तपासणीसाठी बोलाविले होतेच. सकाळी मंठा, दुपारी परतूरवरून घनसावंगी आणि संध्याकाळी अंबडमार्गे घरी, असा बेत ठरला. ज्या जिल्ह्यात आयुष्य गेले त्यातील मुले काय खातात आणि का खातात, हे पाहण्यासाठी मी प्रथमच बाहेर पडले होते.

सोन्याच्या पाळण्यातील स्वयंपाकघरे

"जालना सोने का पालना" अशी आमच्या शहराची जुनी ओळख. कुंडलिका नदीच्या एका काठी जुना जालना, दुसऱ्या काठी नवा. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे राज्य, मग औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका आणि 1 मे 1981 पासून स्वतंत्र जिल्हा. व्यापारासाठी मारवाडातून आलेली घराणी, निजामी काळापासूनची मुस्लिम वस्ती, कारखान्यांमुळे खेड्यांतून आलेले शेतकरी, पोलादाच्या भट्ट्यांवर उत्तरेतून आलेले कामगार. चार गल्ल्या ओलांडल्या की फोडणीचा वास बदलतो. एकच छापील तक्ता या सर्व घरांत चालेल असे मी इतकी वर्षे कसे मानले, याचे आता नवल वाटते.

सदर बाजारातील एका जैन मारवाडी घरी मी वर्षानुवर्षे जाते. पाहुण्यापुढे फरसाणाची, सुक्या मेव्याची आणि मिठाईची ताटली येते. तिला नकार देणे म्हणजे मनुहाराचा अपमान. मुलेही दिवसभर त्या डब्यांभोवती फिरतात. पण त्याच घरात सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम आजी-आजोबा पाळतात, आणि थंडीत ताकात शिजविलेली बाजरीची राबडी होते. नातवंडे मात्र रात्री दहा वाजता पडद्यासमोर बसून खातात.

जुन्या जालन्यातील एका मुस्लिम घरी सकाळच्या न्याहारीला खिचडी आणि आंबट खट्टा असतो. सगळे घर एका दस्तरखानाभोवती बसते. लहानांनी मोठ्यांबरोबर, एकाच वेळी, समोर आहे ते खावयाचे. ही बैठक म्हणजे मुलांच्या खाण्याला लागलेली उत्तम शिस्त. त्याच घरी रमजानच्या संध्याकाळी पूर्वी खजूर आणि फळांनी रोजा सुटत असे. आता तळलेल्या पदार्थांची आणि रंगीत सरबताची रांग लागते, आणि रोजा नसलेली लहान मुलेही तीस दिवस तेच खातात.

आम्हा मराठी घरांचे दोष आम्ही कमी का सांगावेत? पंगतीतला आग्रह, "ताटात टाकू नये" हा धाक, परीक्षेत गुण मिळाले की पेढे, रडले की बिस्किट, आणि संकष्टीला उपास नसलेल्या मुलालाही साबुदाण्याच्या खिचडीची वाटी. अन्न हे पूर्णब्रह्म ही आपली श्रद्धा खरीच. पण पोट भरल्यावरही ताट संपवायला लावले की मूल पोटाची भाषा विसरते. ताटात टाकू नये हे शिकवायचे असेल तर आधी थोडे वाढावे आणि लागेल तसे मागू द्यावे.

अशी एकेक घरे मनात आठवत असताना गाडी मंठ्याच्या पुढे आली होती.

तांड्यावरची शाळा

तांड्याच्या शाळेत सकाळची प्रार्थना संपली होती. आमच्या जिल्ह्यातील बंजारा तांड्यांमधून आणि अनेक गावांमधून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले आईबापांबरोबर जातात. काही आजी-आजोबांपाशी मागे राहतात. माझ्यासमोर उभी होती ती मागे राहिलेली मुले.

येथे लठ्ठपणाचा प्रश्न असेल असे कोणाला वाटेल? बहुतेक मुले काटकुळी होती, काही वयाच्या मानाने बुटकी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरातील सुमारे 35 मुलांची उंची खुंटलेली आहे. हे आपले जुने दुखणे. पण त्याच पाहणीत देशातील अतिवजन असलेल्या बालकांचे प्रमाण 2.1 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर गेलेले दिसते. कुपोषण गेले आणि लठ्ठपणा आला, असे घडलेले नाही. दोन्ही एकाच गावात, कधी एकाच घरात नांदत आहेत.

तांड्याच्या तोंडाशी दोन टपऱ्या. पाच रुपयांच्या पुड्यांच्या रंगीबेरंगी माळा वाऱ्यावर हलत होत्या. दूरच्या फडावरून आईबाप फोनवर पैसे पाठवितात. आजी त्यातले पाच-दहा रुपये नातवाच्या हातावर ठेवते. आई जवळ नाही, तिची उणीव कशाने तरी भरून काढायची. एक आजी मला म्हणाली, "माय नाही जवळ. निदान खाऊ तरी मिळू दे लेकराला." या वाक्यापुढे आहारशास्त्राचे व्याख्यान देण्याचे धैर्य मला झाले नाही. पण शंभर ग्रॅम तळलेल्या चिप्समध्ये पाचशेहून अधिक कॅलरी असतात आणि अशा दोन पुड्या खाल्लेले मूल दुपारच्या शालेय पोषण आहारातील वरणभात किंवा मटकीची उसळ निम्मी टाकते, हे मैत्रिणीने रोज पाहिलेले होते.

या काटकुळ्या मुलांची काळजी वाटण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते महाराष्ट्रानेच जगाला दाखविले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांमधील नवजात बाळांची मापे घेतली. ही बाळे सरासरी 2.7 किलोंची होती. इंग्लंडमधील साउदम्पटनची बाळे 3.5 किलोंची. आपली बाळे स्नायूंनी आणि इंद्रियांनी लहान, पण त्या मानाने त्यांची चरबी मात्र राखलेली होती. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे "हडकुळे तरी चरबीयुक्त" भारतीय बाळ ही कल्पना जगभर पोहोचली. अर्थ साधा आहे. गर्भात उपाशी राहिलेले शरीर साठवण करण्यासाठी सज्ज होऊन जन्मते. त्याला पुढे चौरस अन्न मिळाले तर ते उभे राहते. नुसते तेल, साखर आणि मैदा मिळाला तर साठवण पोटाभोवती होते, आणि मधुमेह तरुणपणीच दार ठोठावतो. म्हणून तांड्यावरच्या मुलाला अधिक अन्न हवे आणि शहरातल्या मुलाला कमी, एवढ्यावर विषय संपत नाही. दोघांनाही खरे अन्न हवे.

दुपारी मुले ओळीने बसली. मोठ्या वर्गातल्या मुलींनी लहानांना वाढले. मला जपानची आठवण झाली. तेथे 2005 साली अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदाच झाला. शाळेतील जेवण मुले स्वतः वाढतात आणि ते जेवणही शिक्षणाचाच भाग मानले जाते. आपल्या शाळेतही पंगत आहे. तिला धडा म्हणण्याचे तेवढे राहिले आहे.

दुष्काळाने शिकविलेले

परतूर ओलांडून आम्ही घनसावंगीकडे वळलो. वाटेत समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब लागते. गावोगाव बलोपासना रुजविणाऱ्या संताच्या या तालुक्यात आज किती मुले रोज घाम येईपर्यंत खेळतात, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटे तरी दमछाक होईल असे हालावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पूर्वी ती शिफारस कोणाला सांगावी लागत नव्हती.

गोदावरीच्या बाजूचा हा भाग. जायकवाडीचा डावा कालवा येथून जातो, त्यामुळे ऊस दिसतो. बाकी कापूस, तूर, हरभरा आणि मधूनमधून ज्वारी. एके काळी ही रब्बी ज्वारीची राने होती. कापूस आणि सोयाबीन रोख पैसा देऊ लागले, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, आणि भाकरीच्या टोपलीत चपाती आली. आमचे जालने बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथे बियाण्यांची कंपनी उभी केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशाला पेरायला देणाऱ्या या गावातील मुलांना ज्वारीचे कणीस ओळखता येत नाही, हेही मी पाहिले आहे.

शेतावर आगटी पेटली होती. आजी गोवरीच्या निखाऱ्यांवर कणसे भाजत होत्या आणि हातावर चोळून हुरडा मोकळा करीत होत्या. शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. मुलाचे आईवडील, चौदा वर्षांची बहीण, आजोबा, सगळे जमले होते. मी विचारले, "आजी, तुम्ही लहानपणी काय खात होता?"

त्या आधी हसल्या. मग त्यांनी लहानपणाऐवजी दुष्काळच सांगितला. 1972 साली त्या नव्याने सासरी आलेल्या. विहिरी आटल्या, ज्वारी उगवली नाही. खडी फोडण्याच्या कामावर जायचे, तेथे सुकडी मिळायची. परदेशातून आलेला लाल मिलो दळून भाकरी करायची. ती घशाखाली उतरत नसे. "पहिलं लेकरू तवाच झालं. दूध नव्हतं अंगावर. लई वाळलं होतं. नाही राहिलं." आगटीतल्या काटक्या तेवढ्या तडतडत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तवापासून लेकरू भरलेलं दिसलं की माझा जीव खाली पडतो, बाई."

मी तेव्हा तीन वर्षांची होते. माझी आईही मला सांगत असे की त्या वर्षी माझ्या फासळ्या मोजता येत होत्या. नातवाच्या गालाला हात लावताना या पिढीच्या डोळ्यांपुढे त्या फासळ्या असतात. "अजून एक घास" हा त्यांचा हट्ट अज्ञानातून आलेला नाही. गमावलेल्या मुलाच्या आठवणीतून आलेला आहे. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या जळताना पाहिलेल्या शेतकऱ्याला साठवणीचे महत्त्व कोण शिकविणार? पण शरीराची साठवण वेगळी. ज्या प्रेमाने दुष्काळात मुले जगविली तेच प्रेम सुकाळात, दुकानाच्या माळांखाली, माप विसरते. माझा आहारतक्ता त्यांच्या या भीतीशी एक अक्षरही बोलत नव्हता.

दोरा पुरला नाही

मी पिशवीतून करदोड्याचे रीळ काढले. म्हटले, "आजी, आज सगळ्यांना करदोडा." पद्धत अशी. माणसाला सरळ उभे करून टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा मोजावा आणि तोडावा. तो बरोबर मधोमध दुमडावा. हा अर्धा दोरा बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती आला आणि टोके जुळली, तर पोटाभोवतीची चरबी प्रमाणात आहे. टोके जुळली नाहीत, तर सावध व्हावे. कमर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढेच हे सूत्र. सहा वर्षांपुढील मुलांना आणि मोठ्यांनाही लागू पडणारे.

प्रथम मी स्वतःला मोजले. दोरा जेमतेम पुरला. आजोबांना तो भरपूर उरला. माझ्या यजमानांना चार बोटे कमी पडला आणि सगळी हसली. सकाळच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना असे मिळाले. मग मुलगा आपणहून पुढे आला. पाच बोटे कमी. सर्वांचे माप होत असल्यामुळे त्याला लाज वाटली नाही. आजी मात्र त्या फटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "म्हणजे करदोडा पुरंना, ही चांगली गोष्ट नाही म्हणा," त्या म्हणाल्या. जे मी दवाखान्यात अर्धा तास बोलून सांगू शकले नव्हते, ते त्या दोऱ्याने सांगितले.

बहिणीला दोरा पुरून उरला. पण तिच्या पापण्यांच्या आत पाहिले तर फिकट. विचारता विचारता कळले की तूप-मलई भावाला, "जाड झालीस तर कसं" हे बोलणे तिला, आणि तिचे जेवणही सर्वांच्या शेवटी. एकाच ताटाच्या दोन चुका. तिच्या रक्ताची तपासणी मी लिहून दिली.

मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "शाळेत मला ढोल्या म्हणतात. म्हणून मी मैदानावर जात नाही." हे घरात कोणालाच माहीत नव्हते. आजोबांनी त्याला हाक मारली आणि पाखरे हाकण्याची गोफण हातात दिली. अर्धा तास तो बांधावरून धावत होता. तेथे त्याला हसणारे कोणी नव्हते.

आजींनी सांगितला तो तक्ता

आहारतक्ता मी तेथेच, आजींच्या सांगण्यावरून लिहिला. ताकातल्या ज्वारीच्या कण्या किंवा धपाटे, चहा-बिस्किटांच्या जागी. डब्यात भाकरी किंवा चपाती, सोबत सुकी उसळ. शाळेतून आल्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, बोरे, पेरू, हरभऱ्याचा हुळा. रात्री पिठले, पालेभाजी, येसर आमटी, भाकरी. आठच्या आत, सर्वांनी एकत्र, फोन दुसऱ्या खोलीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि दहा ग्रॅम तंतू असतात. तांदळात तंतू तीन ग्रॅमही नाहीत. भाकरीने वजन आपोआप उतरते असे मुळीच नाही, तिच्यातही कॅलरी आहेतच. पण ती चावावी लागते, पोट लवकर भरते आणि भूक उशिरा लागते. तूप बंद करण्याचा आग्रह मी धरला नाही. भाकरीवर एक चमचा तूप आणि ते भाऊ-बहीण दोघांनाही, असे ठरले.

अन्य घरांनाही हेच सांगावेसे वाटते. मारवाडी घराने राबडी आणि संध्याकाळचे लवकर जेवण नातवंडांपर्यंत पोहोचवावे. मुस्लिम घराने दस्तरखान आणि खजूर-फळांची इफ्तारी जपावी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला बाजरीची भाकरी आणि हंगामातील सगळ्या भाज्या एकत्र करण्याची आपली रीत आठवड्यातून एकदा पाळावी. प्रत्येक घराच्या रूढीत दोषाबरोबर औषधही ठेवलेले असते. ते शोधावे, बाहेरून आणू नये.

परतीच्या वाटेवर अंबडजवळ एका ओळखीच्या बागायतदाराने मोसंबीचा रस पुढे केला, साखर घालून. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. पण एका पेल्यात तीन-चार फळांची साखर उतरते आणि चोथा टाकला जातो. मी मोसंबी सोलून मागितली. तो हसून म्हणाला, "मॅडम, असं तर आम्ही लहानपणी खायचो."

पालकांनी एवढे करावे

वर्षातून दोनदा मुलाची उंची आणि वजन मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदवावे. नुसत्या नजरेवर विसंबू नये. सहा वर्षांपुढे दोऱ्याचे मापही घ्यावे. मानेवर मखमली काळपटपणा दिसल्यास घासू नये, डॉक्टरांना दाखवावे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. बहुधा वजन तेथेच राखून उंची वाढू देणे हाच उपाय असतो. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाच्या पोटाला ठरवू द्यावे. थंड पेयाच्या लहान बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते, ती घरात आणू नये. शाळकरी मुलाला रात्री किमान नऊ तास झोप मिळावी. बदल एका मुलासाठी नव्हे, सगळ्या घरासाठी करावा. आणि मुलाच्या शरीरावरून त्याला टोपणनाव ठेवू नये, प्रेमानेही नाही.

गेल्या नोव्हेंबरात तो मुलगा पुन्हा तपासणीला आला. मधल्या दहा महिन्यांत लग्नसराई झाली, आजारपण झाले, पुड्यांची माळ काही पूर्णपणे सुटली नाही. तरी उंची पाच सेंटिमीटरनी वाढून 147 झाली होती आणि वजन 52 वरच होते. नवा दोरा मोजला. पाच बोटांची फट दोन बोटांवर आली होती. मान अजून थोडी काळी आहे, पण कोणी ती घासत नाही. बहिणीचे रक्तही वाढीला लागले आहे.

त्याच मंडळाने मला यंदा पुन्हा परीक्षक म्हणून बोलाविले. मी अट घातली की बाळ उचलून पाहायचे नाही. वाढीच्या तक्त्यावरील रेघ, लसीकरण, पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि नंतरचे घरचे अन्न यांना गुण द्यायचे. त्यांनी ती मान्य केली.

हे आजींना सांगितले तेव्हा त्यांनी नातवाचा सदरा थोडा वर केला आणि म्हणाल्या, "बघा बाई, औंदा करदोडा बदलावा लागला नाही." तेच पूर्वीचे कौतुक त्यांच्या आवाजात होते. या वेळी मी मान डोलावली ती माप पाहून.